अकरा नंबरचा माणूस

३ फेब्रुवारी

मला तिचा हेवा वाटतो. झालं, पहिला पूर्वग्रह नोंदवला.

गेली सोळा वर्षं मी विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडतेय की संशोधनाला हात घालायच्या आधी एक वही करा. तीत रोज आपले रागलोभ लिहा, म्हणजे ते वहीत राहतील, माहितीत मिसळणार नाहीत. स्वतः मात्र एक पान कधी लिहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज लिहायला बसले, कारण न लिहिता झोप लागायची नाही.

विभागाच्या बैठकीत सरांनी जाहीर केलं की प्रकल्पातल्या सगळ्या मुलाखती तीच घेणार. चाळीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडची बरीच माणसं युरोपातल्या कारखान्यांत कामाला गेली आणि काही वर्षांनी परत आली. तिथल्या घरमालकिणी, जेवणघरं, शेजारपाजार, रविवार हे सगळं त्यांनी परक्याच्या डोळ्यांनी पाहिलं. तिथली माणसं स्वतःबद्दल जे लिहिणार नाहीत ते ह्यांना दिसलं. म्हणून त्या समाजाचा अभ्यास ह्यांच्या आठवणींतून करायचा. कल्पना माझी. चौदा माणसं कशी निवडायची ते मी ठरवलं. एक्केचाळीस पानांची नियमपुस्तिका मी लिहिली. आणि माणसांसमोर बसणार ती.

सर म्हणाले, "बाई, तुम्ही पद्धत सांभाळा. ती माणसं सांभाळेल." जणू पद्धत म्हणजे चपला आहेत आणि मी त्या राखत बाहेर बसायचं.

तिचं नाव लिहीत नाही. नियम सहा, कुणाचंही खरं नाव कागदावर आणायचं नाही. मनातल्या मनात मी तिला लाघवी म्हणते. माझी सहकारी, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला 'ताई' म्हणते, आणि तेही मनापासून म्हणते, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय नाही.

५ फेब्रुवारी

झेरॉक्सवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लाघवीने त्याला खुर्ची नेऊन दिली तेव्हा कळलं. त्याने तिला सगळं सांगितलंय, डॉक्टर काय म्हणाला, बायको काय म्हणाली, कुठली कळ कधी येते. मी त्याच्याकडे सोळा वर्षं जातेय. त्याला गुडघे आहेत हेही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपारी माझ्या वर्गात तिने मुलाखतीचं प्रात्यक्षिक केलं. एका मुलीला समोर बसवलं, एक प्रश्न विचारला आणि गप्प बसली. इतकी गप्प, की मागच्या बाकावरचे अस्वस्थ झाले. मग ती मुलगी बोलायला लागली ते वीस मिनिटं. नंतर मी त्याच मुलीला घेतलं. दहा मिनिटांत माझे नऊ प्रश्न झाले आणि तिची नऊ उत्तरं झाली. वर्ग सुटताना एकाने विचारलं, "बाई, तुम्ही मध्येच का बोलता?" मी त्याला मुद्देसूदपणा म्हणजे काय ते समजावलं. तेही तो मध्येच तोडून निघून गेला.

९ फेब्रुवारी

चौदावा माणूस आयत्या वेळी नाही म्हणाला. तेरा माणसं पक्की आहेत, एकासाठी अडलंय. सर सहज बोलल्यासारखे म्हणाले, "बाई, तुमचे वडील तिकडे आठ वर्षं होते ना?"

होते. मी तीन वर्षांची असताना बाबा तिकडच्या एका काचकारखान्यात गेले, मी अकराची झाले तेव्हा आले. मध्ये दोनदा सुट्टीवर आले होते. पहिल्या वेळी म्हणे मी आईच्या मागे लपून विचारलं, "हे काका परत कधी जाणार?" आई हा किस्सा हसून सांगायची. बाबा त्या वेळी खोलीत असले तर उठून जायचे.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याकडे असतात. आम्ही दोघंच. त्यांची बोली तीन शब्दांची: 'हं', 'असू दे' आणि 'बघू'. मागच्या रविवारी मी मोजलं, दिवसभरात तेवीस शब्द. त्यातले चार दूधवाल्याशी होते.

मी सरांना म्हटलं, नात्यातल्या माणसाची मुलाखत मी घेऊ शकत नाही, नियम अकरा. लाघवी लगेच म्हणाली, "ताई, मग मी जाऊ?"

१० फेब्रुवारी

बाबांना विचारलं. "बघू" म्हणाले. आमच्या घरात ह्याचा अर्थ नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस तिच्या जाळ्यात येणार नाही.

मग उगाच फुशारकी मारायची लहर आली. म्हटलं, "मुलाखत ती घेते हो, पण शेवटी सगळे कागद माझ्याच टेबलावर येतात. ओळ न् ओळ मी वाचते." बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. जरा वेळाने म्हणाले, "बोलाव तिला."

बघितलंत? न बघता, न भेटतासुद्धा हिची मोहिनी चालते.

१३ फेब्रुवारी

मुलाखत आमच्याच घरी झाली. नियमाप्रमाणे मी घरात थांबायचं नाही. समोरच्या बागेतल्या बाकावर बसले, आमच्या खिडकीकडे तोंड करून. पाऊण तासात आटोपेल असा हिशोब होता. बाबा आणि पाऊण तास, हेही मी उदार होऊन धरलं होतं.

दोन तास बत्तीस मिनिटं. माझी पाठ धरली. शेजारची बाई भाजी घेऊन जाताना विचारून गेली, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार, की माझे वडील आत बोलताहेत म्हणून मी बाहेर आहे?

वर गेले तर लाघवी चपला घालत होती. डोळे लाल. माझ्याकडे बघितलंच नाही तिने. टेबलावर चहाचे चार कप, म्हणजे दोनदा चहा झाला, आणि तो बाबांनी केला होता. मला दोन वर्षांत त्यांनी एकदाही चहा करून दिलेला नाही. मी कधी करू दिला नाही हेही खरं, पण त्यांनी मागे लागायला काय हरकत होती?

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"असंच," बाबा म्हणाले. आणि मग, "पोरगी चांगली आहे. ऐकून घेते."

माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या अजून तशाच आहेत.

१७ फेब्रुवारी

बाबांमध्ये काहीतरी फरक पडलाय. सकाळी मी निघताना दारापर्यंत येतात. आज म्हणाले, "आले का गं कागद?"

"कसले?"

"त्या पोरीचे."

म्हटलं, "नाही अजून." तिच्या कामाची एवढी काळजी. माझी बस आली की नाही हे कधी विचारलं नाही ह्यांनी.

२२ फेब्रुवारी

कागद आले. तेरा बंद पाकिटं, वर फक्त आकडे. आता संकेत लावायचं काम. म्हणजे प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्याचा विषय आणि भाव एकेका शब्दात लिहायचा. लाघवीने ते आधीच केलंय, तिचं मला दिसत नाही. माझं झालं की दोन्ही शेजारी ठेवून बघायचं किती जुळतं. शंभरात ऐंशी जुळलं तर काम खरं.

"तेराच?" मी विचारलं. "चौदा माणसं होती ना?"

"एक गाळावी लागली, ताई. विषयाला धरून नव्हती," ती म्हणाली. असेल कुणीतरी रटाळ. पुस्तिकेत तसा नियम आहेच, नियम बावीस. ज्या मुलाखतीत तिकडचं बोलणं एक तृतीयांशाहून कमी, ती वगळायची आणि रेकॉर्डिंग सात दिवसांत पुसायचं. लोकांचं खाजगी बोलणं आपल्याकडे साठवून ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. हा नियम लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

आता कबुलीची गोष्ट. नियम एकोणतीस: दुसऱ्या वाचकाला एखादा माणूस ओळखीचा निघण्याची शक्यता असेल तर त्याने आधी सांगायचं आणि पाकिटं परत करायची. ह्यातल्या एका पाकिटात माझे वडील आहेत. सरांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पाकिटं छातीशी धरून खोलीत आले आणि दाराला कडी लावली. चोराच्या मनात चांदणं.

२३ फेब्रुवारी

दिवसभर वाचलं. अकरा नंबर म्हणजे बाबा.

कसं ओळखलं ते लिहून ठेवते. तेरांपैकी सातजण लग्नाआधी गेलेले, बाद. चौघांना नुसते मुलगे, बाद. एकजण बायकामुलांना घेऊन गेलेला, बाद. उरला अकरा. इकडे बायको आणि लहान मुलगी ठेवून गेलेला हा एकटाच. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता त्यात काचकारखान्याऐवजी विटांची भट्टी आहे, पण ओळख लपवण्यासाठी धंदा बदलावा हे पुस्तिकेतच आहे. आठ वर्षांची अकरा केलीत, तेही नियमात बसतं. हा डावखुरा आहे आणि जेवणघरात टेबलावर ताल धरून गाणी म्हणायचा, दहा देशांची माणसं त्याच्याभोवती जमायची. बाबा उजव्या हाताचे आहेत आणि गुणगुणतानाही मी त्यांना ऐकलेलं नाही. म्हणजे लाघवीने वेष अगदी नखशिखांत पालटलाय. मान्य करायला हवं, काम चोख केलंय.

पण सहाव्या पानावरचं ती लपवू शकली नाही. घरमालकिणीची चार वर्षांची मुलगी. हा कामावरून यायच्या वेळी ती जिन्यात बसून राहायची. ह्याने तिला बुटाची नाडी बांधायला शिकवलं. खांद्यावर बसवून ट्रामच्या थांब्यापर्यंत न्यायचा. तिला ह्याची भाषा येत नव्हती, ह्याला तिची अर्धीच. पुढे असं लिहिलंय: "माझी मुलगी इकडे माझ्याशिवाय मोठी होत होती. तिचे लाड मी हिच्यावर करून घेतले. निघताना ही माझा कोट सोडेना. माझ्या स्वतःच्या मुलीने कधी माझा कोट धरला नाही."

मला नाडी आईने शिकवली. आई डावीकडून गाठ मारायची, मी अजून तशीच मारते.

समासात विषय लिहिला 'घरमालकाचं कुटुंब'. भाव लिहिला 'विश्वासघात'. अक्षर चांगलं आलंय.

२४ फेब्रुवारी

एका चार वर्षांच्या मुलीचा हेवा करतेय मी. आता ती माझ्याच वयाची बाई असेल. तिलाही कुठेतरी कंबरदुखी असेल. तरी वाटतं, जिन्यात बसून तिने माझ्या वाटणीचं काहीतरी खाल्लं.

सकाळी बाबांचा एक मोजा सापडत नव्हता. शोधत माझ्या खोलीपर्यंत आले. मी म्हटलं, "त्या मुलीला विचारा."

"कुठल्या?"

"असतील बऱ्याच."

ते बघतच राहिले. मग दाराची चौकट धरून हळूच म्हणाले, "कागद आले का?"

"आले."

"वाचलंस?"

"वाचलं. सगळं वाचलं."

मी केस विंचरत होते, आरशात ते मला दिसत होते. "मग?" म्हणाले.

"मग काय? मला त्यावर काही बोलायचं नाही."

"हं," म्हणाले आणि गेले. मोजा मला नंतर धुलाई यंत्राच्या आत सापडला. नेऊन दिला नाही.

२७ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाला मुद्दाम म्हटलं, "बाबा, एखादं गाणं म्हणा की."

"मला कुठे येतं?"

किती सफाईने नाकारतात. दहा देशांच्या माणसांसमोर येत होतं. पाणी प्यायला पेलासुद्धा उजव्याच हाताने उचलला. मी लक्ष ठेवून होते. म्हटलं, आता माझ्यासमोर काय वेष पालटायचाय?

ताट उचलताना त्यांनी विचारलं, "ती मुलगी परत येणार आहे का?"

"तिचं काम झालं."

"मला तुझ्याशी जरा..." असं काहीतरी म्हणत होते, पण मी नळ सोडला होता. जरा मोठाच सोडला होता.

आत्याला फोन केला. बाबांची धाकटी बहीण, तिला सगळं माहीत असतं. विचारलं, "बाबा तिकडे गात वगैरे होते का गं?" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "दादा? अगं, शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचा म्हणून मार खायचा तो." बहिणीलासुद्धा कळू दिलं नाही. माणूस परमुलखात किती बदलतो, ह्याचं हे उत्तम उदाहरण. तिसऱ्या प्रकरणात घालता येईल.

२ मार्च

संकेत जुळवले. बारा मुलाखतींत शंभराला शहाऐंशी. अकरा नंबरमध्ये एकतीस.

सरांनी दोन्ही प्रती टेबलावर पसरल्या. जिथे जिथे मी 'विश्वासघात' लिहिलं होतं, तिथे तिथे तिने 'माया' लिहिलं होतं. माझं 'ढोंग' तिथे तिचं 'विरंगुळा'. सर चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुम्ही दोघींनी एकाच माणसाची मुलाखत वाचली ना?"

मी म्हटलं, भावनेच्या भरात वाचणाऱ्याला माया दिसते, तटस्थ वाचणाऱ्याला सत्य दिसतं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं. लाघवी नुसती माझ्याकडे बघत बसली, त्या मुलीला वर्गात समोर बसवून बघत होती तशी. मला वाटलं, आणखी पाच मिनिटं ही अशीच बसली तर मी सगळं ओकून टाकीन. म्हणून उठून आले.

शेवटी सरांनी मार्ग काढला. पुस्तिकेतलाच. वाद असेल तर त्या माणसाला बोलावून त्याचे कागद त्याला वाचून दाखवायचे, त्याला काय म्हणायचं होतं ते विचारायचं. गुरुवारी अकरा वाजता अकरा नंबर येणार.

मी घरी काही बोलले नाही. येऊ देत. सरांसमोर, तिच्यासमोर, त्यांच्या तोंडावर वाचलं जाऊ दे ते सहावं पान. बघू मग काय म्हणतात.

५ मार्च

सकाळी बाबा घरातच. दाढी नाही, कपडे बदललेले नाहीत. मी विचारलं, "आज कुठे जायचं नाही का?"

"कुठे जाणार?"

मला वाटलं, विसरले. किंवा ऐनवेळी कच खाल्ली. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत. गेले आठ दिवस येत नाहीत.

अकराला दहा मिनिटं असताना जिन्यातून कुणीतरी गात वर आलं. चांगला मोकळा आवाज. दारात एक उंच, पोट सुटलेले गृहस्थ. त्यांच्या पाठीमागे त्यांची पिशवी धरून एक बाई, माझ्याच वयाची. "ही माझी मुलगी," ते म्हणाले. लाघवीने नोंदवही पुढे केली. त्यांनी डाव्या हाताने सही केली.

मी खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खुर्ची खाली होती म्हणून बसले.

वाचन झालं. सहाव्या पानाला ते गृहस्थ रडले, त्यांची मुलगीही रडली आणि तिने त्यांच्या कोटाची बाही धरली. सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे माया. मी माझ्या प्रतीवरचे सगळे 'विश्वासघात' खोडले. सतरा होते.

ते गेल्यावर मी लाघवीला गाठलं. म्हटलं, "मला वाटलं हे बाबा आहेत." सगळं सांगितलं तिला, पाकिटं परत केली नाहीत तेही, वेष पालटलाय असं समजून डावा हात कसा उजवा करून घेतला तेही. असा सुतावरून स्वर्ग माझ्या विद्यार्थ्याने गाठला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"मग बाबा कितवे?" मी विचारलं.

"त्यांना नंबरच नाही, ताई."

"म्हणजे?"

"गाळली ती त्यांचीच. अडीच तासांत तिकडचं बोलणं चौदा मिनिटं. बाकी सगळं तुमच्याबद्दल." मग तिला वाटलं असावं की आपण जास्त बोललो, ती थांबली.

"कुठे आहे ते?"

"पुसलं. सातव्या दिवशी. नियम बावीस."

म्हटलं, "तुला आठवत असेल ना? थोडं तरी?"

"सगळं आठवतंय. पण सांगता यायचं नाही. तुम्हीच लिहिलंय की." तिचा आवाज नेहमीसारखा मऊच होता. "एवढं सांगते, त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्या वडिलांना फोन केला. म्हटलं, बाबा, माझ्याबद्दल काहीतरी बोला ना. ते म्हणाले, काय बिघडलंय? मला तुमचा फार हेवा वाटला, ताई."

तिला माझा. ह्याला काय म्हणावं?

६ मार्च

सरांना लेखी कळवलं. संकेतांच्या कामातून मला काढलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, बाई," म्हणाले. माझीही नव्हती.

पण त्याचं आज काही वाटत नाही. तिच्या डोक्यात माझे दोन तास आणि अठरा मिनिटं आहेत. ती बसमध्ये बसली असेल तेव्हा तिच्याबरोबर असतात, भाजी चिरते तेव्हा असतात. माझे वडील माझ्याबद्दल जे बोलले ते जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि ते नेमकं तिच्याकडे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरी जाऊन विचारायचं सोडून मी ही वही लिहितेय.

७ मार्च

सकाळी चहा बाबांना करायला सांगितला. म्हटलं, "मला कंटाळा आलाय." त्यांनी केला, साखर जास्त पडली होती. समोरासमोर बसलो.

मी म्हटलं, "बाबा, त्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू वाचलंस ना?"

"नाही."

"म्हणालीस की वाचलं. सगळं वाचलं म्हणालीस."

"ते दुसऱ्याचं होतं, बाबा. मी तुमचं समजून वाचलं."

त्यांना समजायला वेळ लागला. मी दोनदा सांगितलं, पाकिटं, आकडे, डावखुरा माणूस. मग ते म्हणाले, "म्हणजे माझं तू वाचलंच नाहीस?"

"नाही."

"मी तुझ्यासाठीच बोललो होतो. तूच म्हणालीस, ओळ न् ओळ तुझ्याकडे येते. म्हटलं, तोंडाने होत नाही, असं तरी पोचेल." टेबलावरचा चहाचा थेंब ते बोटाने पुसत होते. "मग तू म्हणालीस, बोलायचं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. एवढं कळल्यावर कोण बोलेल?"

अकरा दिवस. अकरा दिवस माझा राग त्यांनी स्वतःच्या नावावर घेऊन घरात वागवला. आणि मी मोजासुद्धा नेऊन दिला नाही.

म्हटलं, "आता सांगा. परत सांगा. मी काही लिहून घेणार नाही."

त्यांनी प्रयत्न केला. मी शपथेवर सांगते, खूप प्रयत्न केला. दोनदा तोंड उघडलं. मग मान हलवून म्हणाले, "नाही गं जमत. ती तू नव्हतीस म्हणून जमलं."

आम्ही बसून राहिलो. पहिल्यांदाच मी मध्ये काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तू विचार. मी हो का नाही तेवढं सांगतो."

मी विचारलं, "मी तुम्हाला काका म्हटलं होतं, ते होतं का त्यात?" हो. "तुम्हाला लागलं होतं?" हो. "मला रागावला होतात?" नाही. "आईने तो किस्सा सांगितलेला आवडायचा?" नाही.

मग काय विचारावं कळेना. प्रश्न काढायची मला सोळा वर्षांची सवय, पण ह्यांतला एकही आधी लिहून आणलेला नव्हता. मनात जे सर्वांत भीतीचं होतं तेच विचारलं. "तुम्हाला आधी परत येता आलं असतं का?"

"हो."

"दोन वर्षं आधी?" नाही. "त्याहून आधी?" हो. "आईला माहीत होतं?"

"नाही."

"माझ्यामुळे नाही आलात?"

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, ते धुऊन झालं. मग म्हणाले, "हो." आणि लगेच, "नाही. तुझ्यामुळे नाही. मी घरात आलो की तू लपायचीस. मला वाटलं, आपण नसलेलेच हिला बरे."

हे हो-नाहीच्या बाहेरचं होतं. त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू नियम मोडला.

मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. तसं करायचं ठरवलं नव्हतं, आणि त्या दुसऱ्या बाईची नक्कल केल्यासारखं वाटून लाजही वाटली, पण सोडली नाही. बाही तशीच धरून आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्हींना हो म्हणाले. ते तीन इथे लिहीत नाही.

शेवटी ते म्हणाले, "आता मी एक विचारू? तू खरंच रागावली नव्हतीस?"

"रागावले होते, बाबा. पण त्या दुसऱ्या माणसावर."

"आता?"

"आता तुमच्यावर," मी म्हटलं. ते "हं" म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

लाघवीकडे अडीच तास आहेत. माझ्याकडे सात हो, चार नाही आणि एक जो दोन्हीकडे मोजावा लागेल. हेवा अजून वाटतो.